माठावरची ताटली आणि नाकावरची पट्टी

हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी ते छान मांडून, सुरुवात-शेवट बघून लिहीन आणि मग त्यात काही उरणार नाही. म्हणून ऑफिसमधून आले तशी बसलेय, चप्पलसुद्धा पायातच आहे. टायपिंगच्या चुका होतील. होऊ देत.

झालं काय, आमच्या ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर एक मुलगी बसते. नवीन आहे, मला ताई म्हणते. आज डबा खाताना ती एकदम खुशीत होती. म्हणाली, "ताई, पप्पांचं घोरणं बंद झालं. मेडिकलमध्ये ती नाकावर लावायची पट्टी मिळते ना, ती आणली. आता इतके शांत झोपतात की घरात कळतसुद्धा नाही पप्पा झोपलेत."

मी म्हणाले, "अरे वा."

एवढंच. अरे वा. मग डब्याचं झाकण लावलं, जागेवर जाऊन बसले आणि सहा वाजेपर्यंत एकाही कागदावरचं एक अक्षर मला कळलं नाही.

कारण आमच्या घरीसुद्धा अशीच पट्टी आली होती. नव्वदचं दशक संपत होतं, मी आठवीत होते. आणि आमच्या घरीसुद्धा पप्पा शांत झोपायला लागले होते.

पप्पा ओझरला विमानांच्या कारखान्यात होते. पत्र्याचं काम. विमानाच्या अंगाचा पातळ पत्रा असतो तो कापायचा, वाकवायचा, घासून बरोबर मापात आणायचा. आम्ही राहायचो पंचवटीत, हिरावाडीच्या अंगाला, आणि कंपनीची बस सकाळी नाक्यावर यायची. पप्पा बसमध्ये चढले की खिडकीला डोकं टेकायचे आणि आडगाव यायच्या आत झोपायचे. येताना तेच. बसमधल्या लोकांनी त्यांचं नाव स्लीपर कोच ठेवलं होतं. कोणीतरी रोज विचारायचं, काय हो, ओझरला उठवू का डायरेक्ट आग्र्याला? हायवे आग्र्याचाच ना, म्हणून. पप्पा स्वतःच हे घरी येऊन सांगायचे आणि सगळ्यात जास्त तेच हसायचे.

झोप त्यांना कुठेही लागायची. केस कापताना. मंगल कार्यालयात, अक्षता हातात धरून. एकदा माझ्या शाळेत पालकसभेला बसल्या बसल्या घोरले आणि बाईंनी फळ्याकडे तोंड फिरवलं, हसू दाबायला. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नव्हते.

आणि घरी झोपले की आवाज. म्हणजे कसा सांगू, पत्रा फरशीवरून ओढत नेल्यासारखा. आमची दोनच खोल्यांची जागा, आवाजाला जायला दुसरीकडे वाव नाही. मी कानावर उशी घेऊन झोपायला शिकले होते. आईचं मात्र वेगळं होतं. आई आवाजाने उठायचीच नाही. ती उठायची आवाज थांबला की. घोरता घोरता पप्पा मध्येच गप्प व्हायचे, एकदम, नळ बंद केल्यासारखे. मग आई त्यांच्या दंडाला धरून हलवायची, "अहो, कूस बदला." पप्पा एक मोठा श्वास ओढायचे, पाण्यातून वर आल्यासारखा, कुशीवर व्हायचे, आणि परत सुरू. हे मी इतक्या वर्षांत इतक्यांदा अर्धवट झोपेत ऐकलं होतं की मला वाटायचं सगळ्यांच्याच आया असं म्हणतात.

एकदा मावशीने विचारलं, कसं गं झोपतेस तू या आवाजात? तर आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "आवाजाची भीती नाही गं. आवाज थांबतो ना, त्याची वाटते."

मी तिथेच बसले होते, वाटाणे सोलत. हे वाक्य माझ्या समोर बोललं गेलं होतं. हे मला लिहून ठेवायचंय.

मग एक दिवस पप्पांच्या बाजूच्या बेंचवर काम करणारे काका घरी आले. आमच्याच गल्लीत राहायचे, पण कधी मुद्दाम घरी यायचे नाहीत. पप्पा दूध आणायला गेलेत हे बघूनच आले असणार. चहा नको म्हणाले. उभ्यानेच आईला सांगितलं की आज पप्पा पत्रा कापायच्या मशीनवर उभ्या उभ्या पेंगले, हात पात्याच्या खाली होता, आणि काकांनी मागून शर्ट धरून ओढलं. "वहिनी, आज मी होतो म्हणून ओढलं. रोज मी नसणार." आणि हेही सांगितलं की साहेबाने हे पाहिलं असतं तर मशीनवरून काढून गेटवर नाहीतर स्टोअरला बसवलं असतं. एकदा कागदावर आलं की माणूस परत मशीनवर जात नाही.

पप्पांना मशीनवरून काढलं असतं तर काय झालं असतं हे तुम्हाला पप्पा माहीत असल्याशिवाय कळणार नाही. त्यांना दुसरं काही येतच नव्हतं असं नाही, पण त्यांना दुसरं काही व्हायचं नव्हतं. डोक्यावरून विमान गेलं की मान वर करून बघायचे आणि म्हणायचे, त्या पंखाच्या मुळाशी बघ, ती वाकण माझी आहे. दर वेळी. ते विमान ओझरचं असो नसो.

तर त्या दिवशी घरात भांडण झालं, आवाज न चढवता होतात तसलं. आणि पुढच्या शनिवारी आम्ही तिघं नाक-कान-घशाच्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर शांत होते, वयस्कर. त्यांनी पप्पांच्या नाकाखाली एक चकचकीत धातूची पट्टी धरली आणि म्हणाले, नाकाने श्वास सोडा. पट्टीवर वाफेचे दोन डाग उमटले. उजव्या नाकपुडीचा मोठा, डावीचा वाटाण्याएवढा. बघा, म्हणाले, डावीकडून हवा जवळजवळ जातच नाहीये, आतलं हाड वाकडं आहे. मग त्यांनी पप्पांच्या डाव्या गालाला बोट लावलं आणि नाकाच्या बाजूने बाहेरच्या अंगाला ओढलं. "आता?" पप्पांनी श्वास घेतला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "आता मोकळं वाटतंय. एकदम मोकळं."

आई म्हणाली, डॉक्टर, यांचा श्वास झोपेत मध्येच थांबतो. डॉक्टरांनी लिहिता लिहिता पेन थांबवलं. पप्पांना विचारलं, दिवसा झोप येते का? कामावर, गाडीत, कुठे बसल्यावर?

पप्पा म्हणाले, "छे."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात सगळं होतं, साहेब, स्टोअर, गेट. मी माझ्या फ्रॉकच्या शिलाईकडे बघायला लागले. आईने तोंड उघडलं आणि मिटलं.

तरी डॉक्टर म्हणाले की मुंबईला एक तपासणी होते. रात्रभर झोपवतात, अंगाला वायरी लावतात, श्वास किती वेळ थांबतो ते मोजतात. करून घ्या. चिठ्ठी दिली. दिवाळीनंतरची वेळ मिळाली. पप्पांनी बाहेर येताच सुरू केलं, झोपायला मुंबईला कोण जातं, झोपायला तर मला आडगावसुद्धा पुरतं. आई हसली नाही.

त्या डॉक्टरकडची एक गोष्ट मात्र पप्पांना भयंकर आवडली. ती वाफेची पट्टी. घरी आल्याबरोबर त्यांनी माठावरची ताटली काढली. आमच्याकडे माठावर झाकायला एक स्टीलची ताटली होती, काठावर आईचं नाव कोरलेली, आणि माठावर बसून बसून ती कायम गार असायची. ती नाकाखाली धरली की डाग असले स्पष्ट उमटायचे की बस. पप्पा म्हणाले, इन्स्पेक्शन तू करायचंस. कारखान्यात कसं, काम करणारा वेगळा, तपासणारा वेगळा. आपण केलेलं काम आपण पास करायचं नाही. मला एकदम मोठं झाल्यासारखं वाटलं. मी डागाच्या कडेने स्केचपेनने पटकन रेघ मारायची, वाफ उडून जायच्या आत, आणि मग ते दोन आकार उरायचे. एक बटाटा, एक वाटाणा.

दिवाळीत आत्याचा मुलगा मस्कतहून आला. खजूर, साबण, आईला शाल आणि एक छोटा डबा. त्यात नाकावर लावायच्या पट्ट्या. टीव्हीवर खेळाडूंच्या नाकावर त्या पांढऱ्या पट्ट्या आम्ही बघितल्या होत्या, पप्पा म्हणायचे, याला नाकावर काय लागलंय. तर ते हे. आतेभाऊ म्हणाला, मामा, तिकडे आमच्या रूमवर सगळे लावतात, घोरणं बंद.

पप्पांनी आधी नाक साबणाने धुतलं. डब्यावर तसं चित्र होतं, तेल असेल तर चिकटत नाही म्हणून. मग पट्टी मधोमध, हाडाच्या खाली जिथे नाक मऊ होतं तिथे आडवी लावली, दोन्ही टोकं बोटांनी दाबली. आणि श्वास घेतला. अगदी तोच डॉक्टरकडचा चेहरा. म्हणाले, "हे तर डॉक्टरचं बोट आहे. दोन्ही बाजूंना. चोवीस तास."

ताटली आणली. बटाटा आणि बटाटा. म्हणजे डावीकडचा जरा लहान, पण बटाटाच. मी नाचले. खरंच नाचले, खोलीभर.

दुसऱ्या दिवशी पप्पांनी वापरलेली पट्टी ब्लेडने उघडली. कापडाच्या आत प्लॅस्टिकच्या दोन बारीक चपट्या काड्या. त्यांनी एक काडी बोटांनी वाकवली आणि सोडली, ती टकन सरळ झाली. मग मला समजावलं, आणि हे मला अजून जसंच्या तसं आठवतंय. पत्रा वाकवला ना, की हात काढल्यावर तो थोडा मागे येतो. त्याला सरळच व्हायचं असतं. आम्ही म्हणतो स्प्रिंगबॅक. आम्ही दिवसभर त्याच्याशी भांडतो. आणि ह्या पोरांनी काय केलंय, त्यालाच कामाला लावलंय. पट्टी नाकावर वाकून चिकटते, तिला सरळ व्हायचं असतं, सरळ होता होता ती नाकपुडीच्या भिंतींना बाहेर ओढते. ना औषध, ना काही. नुसता वाकलेल्या वस्तूचा हट्ट.

डब्यातल्या पट्ट्या संपणार होत्या आणि तेव्हा नाशकात कुठे मिळत नव्हत्या, निदान आम्हाला तरी. मग पप्पांनी स्वतः बनवायला घेतल्या. नवीन शर्टाच्या कॉलरमधलं प्लॅस्टिक फार मऊ निघालं. डब्याच्या पत्र्याची केली तर ती इतकी कडक की चिकटपट्टीसकट उडाली आणि देवघरात पडली. आई म्हणाली, आता देवाचं नाक मोकळं करा. शेवटी टीव्हीच्या खोक्याला बांधून आलेली पिवळी प्लॅस्टिकची पट्टी जमली. ती उभी चिरून, कडा पॉलिश पेपरने घासून, वरून दवाखान्यातली कागदी चिकटपट्टी. प्रत्येक नवीन पट्टी आधी ताटलीवर तपासायची. लहान डाग आला तर रिजेक्ट, केराच्या डब्यात.

आणि मी शिक्का बनवला. खोडरबर कापून, त्रिकोण आणि आत बरोबरची खूण. कारखान्यात प्रत्येक इन्स्पेक्टरचा आपला शिक्का असतो असं पप्पांनी सांगितलं होतं. तर ज्या दिवशी सकाळी आई म्हणायची की आवाज आला नाही, त्या तारखेवर कॅलेंडरला माझा जांभळा शिक्का. आधी अधूनमधून, मग सलग. एक अख्खा आठवडा. एक अख्खा महिना.

आवाज खरंच कमी झाला होता, हे खोटं नाही. पत्रा ओढल्याचा आवाज गेला, नुसती हवेची सुरसुर राहिली. आणि आई झोपायला लागली. तिच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं मी जन्मल्यापासून बघत होते, मला वाटायचं तिचे डोळेच तसे आहेत. ती फिकी व्हायला लागली. सकाळी चहा करताना गुणगुणायची. मावशी आली तर म्हणाली, काय गं, तरुण झालीस.

मुंबईची तारीख जवळ आली. आई म्हणाली, तरी एकदा जाऊन येऊ. पप्पा म्हणाले, कशाला, आणि माझ्याकडे बोट केलं. "इन्स्पेक्टरला विचार."

आईने खरंच विचारलं. ती गंमत म्हणून नव्हती विचारत. कणीक मळता मळता थांबली, हात परातीत तसेच, आणि मला म्हणाली, "काय करू या गं? जाऊ या का?"

मी कॅलेंडर काढून आणलं. ताटली आणली. पट्टीशिवाय एक डाग, पट्टी लावून एक डाग. दाखवलं. आई बघत राहिली. तिला ना इंग्रजी येत होतं ना विमानाचं काम, पण डोळ्यांना दिसत होतं ते दिसत होतं. ती म्हणाली, "बरं, तू म्हणतेस तर."

मी म्हणाले म्हणून. आम्ही मुंबईला गेलो नाही.

मध्ये एक गोष्ट झाली होती, ती मी आजवर कोणाला सांगितली नाही, आईला पण नाही. ते बेंचवाले काका मला नाक्यावर भेटले होते. मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं की पप्पांचं घोरणं बंद केलंय आम्ही. काका म्हणाले, हो का, छान. मग म्हणाले, "पण बसमध्ये अजून तसाच पडतो गं. कालच गेटपाशी मी हलवून उठवला."

मला राग आला. काकांचा. सगळं ओके असताना हे मध्येच काय. मी मनात म्हणाले, सवय लागलीय, जाईल हळूहळू. आणि घरी येऊन पाटी पुसावी तसं पुसून टाकलं. ताटलीवर ते मावत नव्हतं ना. ताटलीवर फक्त दोन डाग मावायचे.

तो रविवार फेब्रुवारीतला होता. थंडी संपत आली होती, दुपारी ऊन लागायला लागलं होतं. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी. जेवणं झाली आणि लाइट गेली. पंखा थांबला. पप्पा चटईवर आडवे होत म्हणाले की एकलहऱ्याच्या वीजकेंद्राच्या चिमण्या इथून दिसतात, वीज मात्र मुंबईला दिसते. मग पट्टी लावली, दुपारच्या झोपेलासुद्धा लावायचे हल्ली, आणि उताणे झोपले. आई मागच्या मोरीत भांडी घासत होती. मी त्यांच्यापासून दोन हातांवर भूगोलाचा नकाशा रंगवत होते. महाराष्ट्रातली पिकं.

पंखा नाही, टीव्ही नाही, त्यामुळे घर अगदी गप्प. सुरुवातीला पप्पांची सुरसुर ऐकू येत होती. मग ती थांबली. मग एकदा मोठा श्वास आला. मग सुरसुर. मग परत थांबली.

मी नाशिकला द्राक्षं काढत होते, हिरवी का जांभळी काढावी या विचारात.

आणि मला त्या शांततेचं काय वाटलं असेल तर अभिमान. लाइट गेलेली, पंखा बंद, आणि माणूस दोन हातांवर झोपलाय तरी आवाज नाही. याच्यापेक्षा चांगली टेस्ट कुठली? मी उठले, पावलं न वाजवता कॅलेंडरपाशी गेले आणि रविवारवर शिक्का मारला. एक सकाळचा होताच. दुपारचा एक जास्तीचा.

नकाशा पूर्ण केला. ज्वारी, ऊस, कापूस, सगळं. लाइट आली, पंखा फिरायला लागला आणि नकाशा उडू नये म्हणून मी त्यावर हात ठेवला. आई हात पुसत आत आली. दारातच थांबली. तिने काहीच बघितलं नव्हतं अजून, नुसती थांबली, कान लावून. मग म्हणाली, "अहो, कूस बदला."

परत म्हणाली. मग जवळ जाऊन दंडाला धरून हलवलं, जसं ती कितीतरी वर्षं हलवायची. आणि मग ती माझ्याकडे बघायला लागली.

पुढचं मी भराभर सांगते. बेंचवाल्या काकांनी रिक्षा आणली. दवाखान्यात म्हणाले हार्ट. बराच वेळ झालाय म्हणाले. किती वेळ, हे आईने विचारलं नाही आणि मला कोणी विचारलं नाही. मी नकाशात किती पिकं रंगवली होती त्यावरून मला सांगता आलं असतं.

संध्याकाळी घरी आणल्यावर अंघोळ घालायच्या वेळी मोठे काका म्हणाले, हे नाकाला काय लावलंय, काढा ते. कोणी पुढे होईना. आईने काढली. एका टोकाला नखाने उचलली आणि हळूहळू सोलली, त्यांना दुखेल म्हणून. नाकावर एक गोरा पट्टा राहिला, बाकीचा चेहरा उन्हाने काळवंडलेला. आणि पट्टी आईच्या हातात आली तशी सरळ झाली. तिला सरळच व्हायचं होतं. आईने ती कुठे ठेवली मला माहीत नाही. ताटली मात्र त्या दिवसापासून माठावर दिसली नाही, माठावर लाकडी झाकण आलं. कॅलेंडर मी फाडलं.

अडीच वर्षांनी मला सर्दीचा त्रास झाला म्हणून त्याच डॉक्टरकडे गेले, एकटी, अकरावीत होते. त्यांनी ओळखलं नाही. मीच सांगितलं कोणाची मुलगी. मग सगळं सांगून टाकलं, पट्टी, ताटली, शिक्के, बस, सगळं. त्यांनी बाहेरच्या पेशंटला थांबायला सांगितलं. कागदावर नाकाचं चित्र काढलं, बाजूने चिरल्यासारखं. म्हणाले, नाकाच्या तोंडाशी, थोडं आत, सगळ्यात चिंचोळी जागा असते. तिथे भिंती मऊ असतात, श्वास ओढला की आत चेपतात. पट्टी तिथे काम करते, भिंती बाहेर धरून ठेवते, हवा सोपी जाते. म्हणून डाग मोठा आला, तो खराच होता. नाकामुळे जो आवाज होता तो पण कमी झाला, तेही खरं. मग त्यांनी पेन चित्रात मागे मागे नेलं, नाक संपतं तिथून खाली, घशात, आणि तिथे एक फुली मारली. झोपेत सगळं सैल पडतं, जीभ मागे पडते, आणि काही माणसांचा रस्ता इथे बंद होतो. "पट्टी इथपर्यंत पोचत नाही. पोचायचं तिचं कामच नाही."

मी विचारलं, पट्टीमुळे झालं का?

नाही म्हणाले. पट्टीने काही वाईट केलं नाही. तिचं जेवढं काम तेवढं तिने नीट केलं. श्वास असा अडत राहिला की वर्षानुवर्षं हृदयावर ताण येतो, त्यांचं आधीपासून चाललं असणार. मग म्हणाले की मुंबईला गेला असतात तर, आणि पुढचं वाक्य त्यांनी सोडून दिलं. माझ्या सर्दीला गोळ्या लिहून दिल्या.

मी तो कागद घेऊन आले. अजून आहे. आपण नाकाचं तोंड तपासलं आणि सगळ्या माणसाला ओके दिलं. पप्पांचं मला हे शिकवायचं राहून गेलं होतं, किंवा त्यांना ते माहीत होतं आणि मशीनवरून उठायचं नव्हतं म्हणून त्यांनी बघितलं नाही. दोन्ही असेल.

आईला मी कागद दाखवला नाही. ती आता एकटी त्या खोलीत झोपते. वर्तुळं परत आलीत. कधी कधी मी पाणी प्यायला उठते तर ती जागी असते, आणि मी विचारलं की म्हणते, काही नाही गं, गप्प गप्प वाटतंय.

तर आज डब्याच्या वेळी ती मुलगी म्हणाली, कळतसुद्धा नाही पप्पा झोपलेत. आणि मी म्हणाले, अरे वा.

तिचा नंबर आहे माझ्याकडे. हे लिहिता लिहिता दोनदा फोन उचलला आणि ठेवला. काय विचारायचं ते मला माहीत आहे. पट्टीबद्दल नाही. दिवसा पेंगतात का, आणि आवाज मध्येच थांबतो का, एवढंच. ती रागावेल. मी काकांवर रागावले होते तशीच. रागावू दे. लावतेय आता.

पण त्याआधी तुम्हाला विचारते, कारण मला हे एकटीला वाटून वाटून वेड लागायची पाळी आलीय. तुमच्या घरी कोणी असं घोरता घोरता मध्येच गप्प व्हायचं का? आणि ते गप्प झाल्यावर तुम्हाला, अगदी खरं सांगा, तुम्हालाही बरं वाटलं होतं का?